वहीत तेव्हा ७४ पुस्तकं, गेल्या वर्षी ३

पत्र:
ताई, मी ६४ वर्षांची, डोंबिवलीत राहते. जवळपास चाळीस वर्षं बँकेत नोकरी केली, रोज डोंबिवली-व्हीटी. रिटायर होऊन चार वर्षं झाली. कॉलेजात असताना, १९७९ पासून, वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाचं नाव मी एका वहीत लिहितेय. परवा सहज मागची पानं उलटली. १९८६ साली ७४ पुस्तकं. १९९२-९३ ची पानं जवळपास कोरी, तेव्हा धाकटी झाली होती. २०१६ ला ४४ आणि २०१७ ला एकदम १९. गेल्या वर्षी ३, त्यातलं एक नातवाचं. एक सातशे पानी कादंबरी पावसाळ्यापासून उशाशी आहे, खूण पान ३१ वर. रात्री पडून वाचायला घेते, दोन पानं झाली की हात फोनकडे जातो, नाहीतर मागे काय झालं तेच आठवत नाही. मुलीने ई-रीडर दिलाय तो ड्रॉवरमध्ये पडून आहे. एके काळी वाचनाच्या नादात व्हीटीला अख्खी गाडी रिकामी झाली तरी मी आपली बसलेली, डबा झाडणाऱ्या बाईंनी हाक मारली होती. रिटायर झाल्यावर पोटभर वाचेन म्हणून किती वर्षं वाट बघितली, आता वेळच वेळ आहे आणि वाचताच येत नाही. आईला शेवटी विसरण्याचा आजार होता, म्हणून भीती पण वाटते. नाव छापू नका.

उत्तर:

नाव नको म्हणालात म्हणून नुसतं मैत्रीण म्हणते, वयाने तरी आपण एकाच बाकावरच्या आहोत.

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा पोटात कालवलं, कारण "वाचताच येत नाही" हे वाक्य माझ्या ओळखीच्या इतक्या बायकांनी गेल्या पाच-सात वर्षांत मला ऐकवलंय. दुसऱ्यांदा वाचताना मात्र पेन्सिल घेऊन बसले, कारण मला वाटायला लागलं की तुमचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे, आणि ते तुम्हाला वाटतंय तेवढं वाईट नाहीये.

हे बघा. १९८६ मध्ये तुम्ही स्लो गाडीने जात असाल तर जायला सव्वा तास, यायला सव्वा तास, म्हणजे रोजचे अडीच तास. वर्षाला अडीचशे दिवस धरले तर सव्वासहाशे तास झाले. त्यातले अर्धे सोडून द्या, उभं राहण्यात, मटार सोलण्यात, कुणाच्या तरी डोहाळजेवणात, डुलकीत गेले म्हणू. तरी तीनशे तास उरतात. दोनशे पानांचं मराठी पुस्तक तुमच्यासारख्या सवयीच्या वाचणारीला चार तासाचं काम. तीनशेला चारने भागा, ७५ येतात, तुमच्या वहीत ७४ आहेत. म्हणजे घरी तुम्ही तेव्हा फारसं वाचतच नव्हतात! घरी स्वयंपाक होता, पाणी भरणं होतं, मोठीचा अभ्यास होता, सासूबाई होत्या. तुमचं सगळं वाचन त्या लेडीज डब्यात होत होतं, आणि ज्या दिवशी रिटायर झालात त्या दिवशी तुमची वाचायची जागाच गेली. तुम्ही समजत होतात की नोकरी वाचनाच्या आड येतेय, आणि खरं तर नोकरीला जाणारी गाडीच तुम्हाला वाचायला देत होती.

हे मला इतकं महत्त्वाचं का वाटतं ते सांगते. लोक म्हणतात टीव्हीने वाचन मारलं, पण मुंबईत टीव्ही १९७२ च्या ऑक्टोबरला आला, रंगीत झाला १९८२ ला, आणि तुमची ७४ पुस्तकं १९८६ ची आहेत. टीव्ही घरी होता, डब्यात नव्हता, म्हणून तुमच्या पुस्तकांना धक्का लागला नाही. मग २०१६ आणि २०१७ बघा, ४४ वरून १९. गाडी तीच, नोकरी तीच, मुलं तर मोठी झालेली. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि महिन्याचा डेटा जपून वापरायचा प्रकारच संपला, फोनवरचा व्हिडिओ पहिल्यांदाच डब्यात येऊन बसला. तुमच्या शेजारच्या सीटवरच्या बाईच्या हातात आणि तुमच्याही हातात. तुम्ही बिघडलात असं काही झालं नाही हो, तुमच्या अडीच तासांत दुसरं कोणीतरी येऊन बसलं, आणि पुढे ते अडीच तासच गेले.

आणि ती १९९२-९३ ची कोरी पानं तुम्ही पत्रात एका ओळीत उडवलीत, मला तर तीच सगळ्यात जास्त आवडली. तान्हं मूल होतं, झोप नव्हती, डब्यात बसले की डोळे मिटत असणार. दोन वर्षं जवळपास काही वाचलं नाहीत. तेव्हा तुम्हाला वाटलं का की आता आपल्याला वाचता येत नाही? नाही ना? आणि पुढच्या पानांवर परत नावं सुरू झालीच की. वाचन एकदा गेलं होतं आणि परत आलं होतं, हा पुरावा तुमच्याच हस्ताक्षरात तुमच्या घरात आहे.

आता दुसरी गोष्ट. वही परत उघडा आणि आकडा न बघता त्या ७४ ची नावं वाचा. मी बावीस वर्षं एका सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या काउंटरवर काढलीत, त्यामुळे मला त्या काळात कोण काय नेत होतं ते चांगलं माहितीये. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखेची चिठ्ठी चिकटवलेली असायची, आठवते का, तीन रकान्यांची, जांभळ्या शाईचे शिक्के. रहस्यकथेच्या पुस्तकात ती चिठ्ठी दोन महिन्यांत भरायची, शिक्के एकमेकांवर चढायचे, मग आम्ही तिच्यावरच दुसरी चिकटवायचो, मग तिसरी, शेवटी मागचं पुठ्ठं जाड होऊन पुस्तक नीट मिटायचं नाही. आणि ज्या पुस्तकांवर परिसंवाद व्हायचे त्यातल्या कित्येकांची चिठ्ठी वर्षात चार शिक्के लागून तशीच. तुमच्या ७४ मध्ये नक्की रहस्यकथा असणार, मासिकातल्या कादंबऱ्या असणार, भाषांतरं असणार, एखाद्या संध्याकाळी संपलेली नव्वद पानांची नाटकं असणार. आणि तेव्हा त्याचा कुणाला गिल्ट नव्हता, मजेत वाचायचो, शुक्रवारी बदलायचो, नाही आवडलं तर दोन दिवसात परत. काउंटरवर कुणी विचारायचं नाही की संपवलंत का म्हणून.

आज तुम्ही उशाशी काय ठेवलंय? सातशे पानं. आणि ती सुद्धा चार वर्षं बंद पडलेल्या सवयीवर. एखादी बाई चार वर्षं घरात बसून होती आणि आता पहिल्याच दिवशी सिंहगड चढायला निघाली तर आपण तिला काय सांगू? मला वाटतं आपल्या वयाच्या लोकांचं इथेच बिनसतं, आपण फक्त "वाचलं पाहिजे" अशी पुस्तकं काढतो, मजेसाठी वाचायची पुस्तकं आपण चाळिशीतच कुठेतरी सोडून दिलेली असतात. ती कादंबरी उशाशी आहे तोवर दुसरं काही हातात घेताना तिचा अपमान केल्यासारखं वाटतं, आणि मग तीही नाही आणि दुसरंही नाही, फोन आहेच. तिच्यातली खूण काढा आणि ती कपाटात जाऊ द्या. ती कुठे पळून जात नाही.

त्याच्याही आधी डोळे. हे मी जरा जोर देऊन सांगते कारण पत्रात तुम्ही मनाबद्दल सगळं लिहिलंत, चष्म्याबद्दल अक्षर नाही, आणि वाचणाऱ्या माणसाचा अर्धा प्रश्न तिथे असतो. पासष्टीच्या आसपास डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं, बाहुली लहान होते, विशीत जेवढा उजेड आत पोचायचा त्याच्या साधारण एक तृतीयांशच आता पडद्यापर्यंत पोचतो. त्यात आपली देवनागरी, वर वेलांटी आणि रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं, आणि जुन्या पुस्तकांत कागद वाचवायला ओळी एकमेकींना चिकटवलेल्या. त्यात तो कागद पिवळा पडलेला. तुम्ही "दोन पानं झाली की हात फोनकडे जातो" म्हणता, पण फोन उजळ असतो, अक्षर दोन बोटांनी मोठं होतं, डोळ्याला तिथे बरं वाटत असणारच की.

आणि पडून वाचता म्हणालात. तुमचा चष्मा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचं-जवळचं एकाच काचेत, असा असेल तर त्यात जवळचं वाचायचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो, तोही अरुंद पट्टा. कुशीवर झोपून किंवा उशीला टेकून पुस्तक डोळ्यासमोर धरलं की नजर त्या पट्ट्यातून जातच नाही, वरच्या भागातून जाते, सगळं किंचित धूसर, मान वाकडी, डोकं जड. आणि आपल्याला वाटतं लक्ष लागत नाही. माझ्या बाबतीत हे अगदी असंच झालं होतं, जवळजवळ वर्षभर मी समजत होते की माझं वाचन संपलं, मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की फक्त वाचायचा एक वेगळा साधा चष्मा करून घ्या आणि तो खुर्चीशेजारीच ठेवा. तेवढ्याने किती फरक पडला ते शब्दात सांगता येत नाही. तुम्ही डोळे तपासून या, मोतीबिंदूचं पण बघायला सांगा, आणि दिवा डोक्यावर नको, मागून खांद्यावरून येईल असा ठेवा.

आईच्या आजाराची भीती. ती मी झटकून टाकणार नाही, आईला तसं होताना बघितलेल्या मुलीला ती वाटणारच. पण तुम्ही जे लिहिलंय ते असं की झोपेच्या वेळेला, दमलेल्या डोळ्यांनी, मध्ये फोन बघत, खूप पात्रं असलेली कादंबरी तुकड्यातुकड्याने वाचताना मागचं आठवत नाही. ते कुणालाच आठवणार नाही हो, माझ्या तिशीतल्या भाचीलाही आठवत नाही. रोजच्या कामात घोळ होत असेल, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळायला होत असेल, पैशाचे हिशेब चुकायला लागले असतील, तोच प्रश्न परत परत विचारता असं घरचे म्हणत असतील, तर वेळ न घालवता डॉक्टरांकडे जा. आणि यातलं काही नसलं तरी मनाला खात होत असेल तर एकदा जाऊन विचारून घ्या, त्यात कमीपणा काही नाही. पण १९७९ पासूनची वही आकड्यांसकट मला नीट लिहून पाठवणाऱ्या बाईचं पत्र वाचून मला तरी तशी काळजी वाटली नाही.

आता करायचं काय. तुमची गाडी परत आणा, म्हणजे ती जागा आणि ती वेळ. तुमची सकाळची गाडी किती वाजताची होती? समजा आठ-दहाची. तर आठ-दहाला खुर्चीत बसायचं, पलंगावर नाही. फोन दुसऱ्या खोलीत, आवाज चालू ठेवा हवं तर, कुणाचा फोन आला तर ऐकू येईल, पण हाताशी नको. आणि वीस मिनिटं. अडीच तासाचं नाव पण काढू नका. ही वीस मिनिटं मी हवेतून काढली नाहीयेत. मेरीअॅन वुल्फ म्हणून एक अमेरिकन बाई आहेत, वाचताना मेंदूत काय होतं यावरच त्यांचं आयुष्यभराचं संशोधन. त्यांनी स्वतःच लिहिलंय की तरुणपणी अतिशय आवडलेली एक कादंबरी त्यांनी बऱ्याच वर्षांनी परत हातात घेतली आणि त्यांना ती वाचवेना, वाक्यं अडकायला लागली, डोळे नुसते ओळींवरून पळायला लागले, कारण दिवसभर स्क्रीनवर भराभर वाचून तीच सवय लागलेली. मग त्यांनी रोज वीस मिनिटं असं सुरू केलं, आणि साधारण दोन आठवड्यांनी जुना वेग, जुनी लय परत आली. वाचनाच्या शास्त्रज्ञ बाईंचं जर असं होतं तर तुम्ही स्वतःला बोल का लावताय?

पहिले चार-पाच दिवस कंटाळा येईल, हात शिवशिवतील, तिसऱ्या मिनिटाला गॅस बंद केला का ते आठवेल. येऊ द्या. गाडीत तरी कुठे रोज मन लागायचं, पण उतरता येत नव्हतं ना, म्हणून वाचत होतो.

सुरुवात दिवाळी अंकांनी करा. ही आपल्याकडची एवढी चांगली सोय आहे आणि आपण ती कार्तिकातच संपवून टाकतो. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून चाललेली ही परंपरा, आणि एका अंकात तुम्हाला कथा मिळते, एखादा लांब लेख मिळतो, कविता मिळते, बारा-पंधरा पानांत विषय पुरा होतो. बहुतेक वाचनालयांत दिवाळी अंकांची वेगळी योजना असते, ठरावीक पैसे भरायचे आणि दोन-तीन महिने हवे तेवढे अंक बदलायचे. गेल्या वर्षीचे, त्याच्या आधीचे अंक पण कपाटात असतात, विचारा, काउंटरवरची माणसं आनंदाने काढून देतात, कारण ते कुणी मागतच नाही. डोंबिवलीत तर वाचनालयांना तोटा नाही. सभासद होऊन जा, घरात हजार पुस्तकं असली तरी. परत करायची तारीख असली की पुस्तक वाचून होतं, स्वतःच्या कपाटातलं पुस्तक पुढच्या वर्षावर जातं, हे मी काउंटरच्या दोन्ही बाजूंनी बघितलंय.

ई-रीडर ड्रॉवरमधून काढा. मुलीने प्रेमाने दिलाय म्हणून नव्हे, तुमच्या डोळ्यांसाठी. अक्षर हवं तेवढं मोठं होतं, ओळींतलं अंतर वाढतं, हाताला वजन नाही. कागदाचा वास येत नाही हे खरं, मलाही त्याचं वाईट वाटतं. पण स्क्रीनवर वाचलेलं डोक्यात शिरत नाही असं जे सरसकट म्हणतात ते तेवढं बरोबर नाही. २०१८ मध्ये ५४ अभ्यास एकत्र करून, एक लाख सत्तर हजारांवर वाचकांचा हिशेब मांडून बघितला होता, त्यात कागदावर वाचलेलं जास्त समजतं असंच निघालं, पण ते माहितीपर मजकुराबाबत, आणि घाईत वाचताना तो फरक आणखी वाढतो. नुसत्या गोष्टी वाचताना कागद आणि स्क्रीन यांत फरक दिसला नाही. तुम्हाला गोष्टीच वाचायच्यात ना, मग खुशाल वाचा. फक्त त्याच यंत्रात व्हॉट्सअॅप नको, म्हणून फोनवर वाचू नका.

आणि कांदा चिरताना, कपडे घड्या करताना ऐका. मराठीत ऑडिओबुक्स आता भरपूर आहेत. ऐकणं म्हणजे वाचन नाही असं जर मनात असेल तर ते काढून टाका, आपल्या आज्यांनी चातुर्मासात अख्ख्या पोथ्या ऐकूनच पाठ केल्या, अक्षरओळख नसताना. वहीत तीही नावं लिहा, पुढे हवं तर कानाची खूण करा.

एक मात्र मला वाटतं तुम्ही पत्रात न लिहिताही सांगितलंत. त्या डब्यात तुम्ही एकट्या वाचत नव्हतात. कुणीतरी पुस्तक दिलं असेल, कुणीतरी विचारलं असेल की पुढे त्याचं काय झालं, कुणीतरी शेवट सांगून टाकला म्हणून तुम्ही दोन दिवस रुसला असाल. त्या मैत्रिणी आता कुठे आहेत? ग्रुप असेलच, सकाळी फुलं येत असतील. त्यातल्या एकीला, एकीलाच, फोन करा आणि म्हणा की या आठवड्यात अमुक अंकातली अमुक कथा तू पण वाच, गुरुवारी बोलू. मला विचाराल तर चष्म्यानंतर सगळ्यात जास्त फरक यानेच पडेल. वाचलेलं कुणाला सांगायचं असलं की लक्षात राहतं, मागे काय झालं ते आठवतं, बघा तुम्ही.

नवीन वही नका करू, त्याच वहीत लिहा. फक्त पुस्तकाचं नाव हवं हा नियम सोडा, कथा लिहा, लेख लिहा, अर्ध्यात सोडलेलं पुस्तक पण लिहा आणि का सोडलं ते एका ओळीत. नातवाचं पुस्तक तुम्ही जरा ओशाळून मोजलंत असं वाटलं, ते तर पूर्ण धरायचं, मांडीवर मूल घेऊन मोठ्याने वाचायला दुप्पट लक्ष लागतं.

दिवाळीनंतर मला परत पत्र टाका. व्हीटीला गाडी रिकामी झाली होती तेव्हा हातात कुठलं पुस्तक होतं ते वहीत तारखेवरून सापडेल, ते कळवा. मला खरंच जाणून घ्यायचंय.